एकटा पडला की पाडला?

मराठीत ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांच्यात एका कान्याचा फरक आहे. भिंत पडली म्हटलं की ओल, पाऊस, जुनी माती डोळ्यांपुढे येते. भिंत पाडली म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कोणी पाडली? माणसाविषयी बोलताना मात्र आपण हा काना गाळतो. तो एकटा पडला, ती एकटी पडली, म्हातारपणी दोघंही एकटी पडली. एवढं म्हणून आपण हळहळतो आणि कोणी पाडलं हे विचारायचं राहून जातं.

गेल्या काही वर्षांत एकटेपणा हा सरकारदरबारी विषय झाला आहे. ब्रिटनने २०१८ साली त्यासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सामाजिक संबंधांवर एक आयोग बसवला. हे चांगलंच झालं. एकटेपणाने माणसाची तब्येत ढासळते हे कधीतरी मान्य व्हायलाच हवं होतं. पण आरोग्याचा प्रश्न म्हटलं की रोगी आला, आणि उपचारही त्याच्यावरच. त्याने फिरायला जावं, एखाद्या मंडळात नाव घालावं, फोन बाजूला ठेवून चार माणसांत मिसळावं. ज्याला त्या चार माणसांनीच मिसळू दिलं नाही त्याने काय करावं? हा प्रश्न नीट विचारलेला मला सापडतो तो कथेत. दुःख याचं की कथेतही आपण तो वाचत नाही. कॉलेजात मी स्वतः ‘नायकाचा एकाकीपणा’ या विषयावर पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यात नायकाचं मौन होतं, खिडकी होती, पाऊस होता. दार कोणी लावलं होतं हे एकाही उत्तरात नव्हतं, आणि ते कोणाला खटकलंही नाही.

रशियन लेखक निकोलाय गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही कथा १८४२ सालची. पीटर्सबर्गच्या एका कचेरीत कागदांच्या नकला करणारा अकाकी अकाकियेविच नावाचा कारकून. सहकारी त्याची टर उडवतात, डोक्यावर कागदाचे कपटे टाकून बर्फ पडतंय म्हणतात. तो काही बोलत नाही. अगदीच असह्य झालं, हाताला धक्का लागून लिहिता येईना, की एवढंच म्हणतो: सोडा मला, का छळता? नव्याने लागलेल्या एका तरुण कारकुनाला या साध्या शब्दांच्या आत दुसरेच शब्द ऐकू येतात: मी तुझा भाऊ आहे. तो हसता हसता थबकतो, आणि पुढे कितीतरी वर्षं ते शब्द त्याचा पिच्छा सोडत नाहीत.

मग कोट. जुना इतका विरलेला आहे की शिंपी ठिगळ लावायलाही तयार नाही. नव्याला ८० रूबल पडणार. अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, रस्त्यावरून चवड्यांवर हलके पाय टाकत चालतो, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून. अखेर कोट येतो. त्या दिवशी सगळी कचेरी त्याच्याभोवती गोळा होते, अभिनंदन करते, नव्या कोटाबद्दल मेजवानी पाहिजे म्हणते. एक वरिष्ठ सगळ्यांना आपल्या घरी बोलावतो. अकाकी बऱ्याच वर्षांनी संध्याकाळी कोणाच्या घरी जातो, आणि परतताना अंधाऱ्या चौकात चोर त्याचा कोट काढून नेतात.

कथेची शोकांतिका या चोरीत आहे असं सगळे सांगतात. मला ती मेजवानीत दिसते. ज्यांनी त्याच्या डोक्यावर कपटे टाकले तीच माणसं त्या संध्याकाळी त्याच्याशी हसून बोलली. मधल्या काळात अकाकीत काही बदललं नव्हतं, बदललं होतं ते त्याच्या अंगावरचं कापड. ८० रूबल हा आत येण्याचा दर होता आणि तो त्याने उपाशी राहून भरला. आपण ज्याला ‘स्वीकार’ म्हणतो तो पुष्कळदा असाच असतो. ‘आम्ही त्यांना सामावून घेतलं’ हे वाक्य मी लग्नघरांत ऐकलं आहे, कचेऱ्यांत ऐकलं आहे, साहित्याच्या व्यासपीठांवरही ऐकलं आहे. त्यात ‘आम्ही’ हे घराचे मालक आणि ‘ते’ पाहुणे, हे कोणी न विचारता ठरलेलं असतं. सामावून घ्यायचं म्हणजे आमच्या मापात बसवायचं. ज्याला बसवलं त्याचं काय काय कापून टाकलं, ते त्याला एकट्यालाच माहीत असतं.

दुसरा रशियन कथाकार चेखव, त्याच्या १८८६ सालच्या एका कथेत इओना नावाचा घोडागाडीवाला आहे. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेला. बर्फ पडतंय, गाडीवर बसून बसून तोही पांढरा झालाय. त्याला फक्त कोणाला तरी सांगायचंय: मुलगा कसा आजारी पडला, शेवटी काय बोलला, कपडे आणायला दवाखान्यात जावं लागलं. लष्करी अधिकारी गिऱ्हाईक म्हणून बसतो, दोन शब्द ऐकतो आणि डोळे मिटतो. मग तीन तरुण येतात, शिव्या देतात, एक जण मानेवर फटका मारतो. आणि इथे चेखव असं एक वाक्य लिहून जातो की मी दर वेळी तिथे थांबतो. त्या शिव्या ऐकताना, ती माणसं दिसताना, इओनाच्या छातीवरचं एकटेपणाचं ओझं थोडं हलकं होतं. मार खाऊनही तो हसतो, कारण मारणारी का असेनात, माणसं जवळ आहेत. शेवटी रात्री तो तबेल्यात जातो, घोडी गवत चावत असते, आणि तो तिलाच सगळं सांगतो.

काही वाचक म्हणतील की मुलाचं मरण हा कोणाचा गुन्हा नव्हे, त्यामुळे इओनाचा एकटेपणा ‘पडण्याचा’ आहे, ‘पाडण्याचा’ नाही. हे अर्धं खरं आहे. मुलगा आजाराने गेला. पण अख्ख्या पीटर्सबर्गात ऐकायला एक घोडी उरली, हे आजाराने झालेलं नाही. दुःख त्याच्या वाट्याला आलं, एकटेपण त्याला दिलं गेलं. जी. ए. कुलकर्णींची कथा पुढे करून आणखीही कोणी म्हणेल की माणूस मुळातच एकटा, त्यात नियतीखेरीज कोणाचा हात नाही. त्या एकटेपणाला मी नाकारत नाही, रात्री दोन वाजता तो मलाही भेटतो. पण भाड्याची खोली नाकारली जाते तेव्हा नियतीला मध्ये आणू नये. खोली नियती देत नाही, मालक देतो.

आता १९६३ सालाकडे येतो, कारण त्या एका वर्षी दोन पुस्तकं निघाली आणि ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत असं मला फार वाटतं. फ्रँक ओ’कॉनर हा आयरिश कथाकार. त्याने ‘द लोनली व्हॉइस’ या पुस्तकात एक मोठं विधान केलं. कादंबरीला नायक असतो, कथेला तसा कधी नव्हताच, कथेत असतात ते पाण्याखाली गेलेले लोकसमूह: गोगोलचे कारकून, तुर्गेनेवचे भूदास, मोपासांच्या वेश्या, चेखवचे डॉक्टर आणि मास्तर. समाजाच्या कडेकडेने भटकणारी माणसं. विधान मला पटतं. फक्त त्याचा शब्द मराठीत आणताना अडखळायला होतं. पाण्याखाली गेलेले म्हणजे बुडालेले की बुडवलेले? धरणाखाली गेलेल्या गावालाही आपण ‘बुडालं’ म्हणतो.

त्याच वर्षी मराठीत बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. बागुल नाशिकजवळच्या विहितगावचे, १९३० साली जन्मलेले. रेल्वेतल्या नोकरीचा, जात सांगितली तर डोक्यावर छप्पर मिळत नाही याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. शीर्षककथेतला दलित नायक रेल्वेत नोकरी लागून गुजरातेत जातो, मनात नव्या भारताची स्वप्नं घेऊन. पहिल्याच भेटीत जात विचारली जाते. तो मुंबईचा म्हणून, कवी म्हणून, मोठ्या मोठ्या शब्दांत उत्तर देतो, आणि समोरचे त्याला उच्च जातीचा धरतात. त्याला जागा मिळते. रामचरण तिवारी नावाचा सहकारी तर त्याच्या कवितेवर जीव टाकतो, त्याला घरी जेवायला नेतो. तिथेच नोकरीला काशिनाथ सकपाळ आहे. त्याने जात लपवलेली नाही. तो अपमान सोसत नाही, खिशात चाकू ठेवतो.

या कथेत दोन बाहेरचे आहेत, आणि दोघांपैकी अधिक एकटा कोण हे नीट पाहायला हवं. काशिनाथ उघड्यावर एकटा आहे. नायक माणसांच्या घोळक्यात, ताटावर बसलेला, आग्रह होत असलेला, आणि तरीही काशिनाथपेक्षा एकटा. त्याच्या ताटात पडणारा प्रत्येक घास दुसऱ्याच कुणासाठी वाढलेला आहे. समोर आपला माणूस अपमानित होताना ‘हा माझा’ असं त्याला म्हणता येत नाही, कारण म्हटलं की संपलं. अकाकीने कोट चढवला होता, याने जात चढवली आहे, आणि दोघांच्याही बाबतीत प्रेम झालं ते वरच्या कापडावर.

आणि ते क्रियापद. बागुलांनी ‘लपवली’ लिहिलेलं नाही, ‘चोरली’ लिहिलं आहे. मराठीत ‘चोरणे’ या क्रियापदाची एक वेगळीच वागणूक आहे. दुसऱ्याची वस्तू आपण चोरतो, पण अंगही चोरतो, नजरही चोरतो. अंग चोरून उभा राहिलेला माणूस कोणाचं काही नेत नसतो. स्वतःच्या खांद्याची, स्वतःच्या हातापायांची जागा तो दुसऱ्यांसाठी रिकामी करत असतो. जात चोरणे हे त्याच कुळातलं आहे. जे आपलंच आहे ते आवळून घ्यायचं आणि वर चोर ठरायचं.

अंग चोरणं मी जवळून पाहिलेलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

पुण्यात शिकायला आलो त्या वर्षी मी आणि माझा एक मित्र मिळून खोली शोधत होतो. पेठेतल्या एका जुन्या वाड्यात लाकडी जिना चढून वर गेलो. मालक म्हातारे, सज्जन. आम्हाला पाणी दिलं. खोली दाखवली, कोनाड्यातला दिवा, मोरी, मागच्या खिडकीतून दिसणारं पारिजातकाचं झाड. मग पंच्याच्या टोकाने किल्ली पुसत त्यांनी विचारलं, “पूर्ण नाव सांगा बरं दोघांनी.” मी सांगितलं. मित्राने सांगितलं. किल्ली पुसायची थांबली नाही, उलट जरा जास्तच पुसली गेली. “खोली तशी लहान आहे हो. दोघांना अडचण होईल.” मित्र तोपर्यंत उंबऱ्याच्या आत उभा होता. तो एक पायरी खाली उतरला आणि भिंतीला पाठ लावून, दोन्ही कोपरं पोटाशी घेऊन उभा राहिला, जणू जिन्याने कोणी मोठं सामान वर आणणार होतं आणि त्याला वाट द्यायची होती. जिना रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो आणि ती खोली घेतली. मित्राला सांगितलं की एका नातेवाइकांकडे सोय झाली. त्याने कुठेतरी लांब जागा पाहिली. त्या मालकांना मी कधी दुष्ट म्हणू शकलो नाही. वर्षभर त्यांनी माझी काळजी घेतली, ताप आला तेव्हा पेज आणून दिली.

दुष्ट माणूस सापडला की आपलं काम सोपं होतं, आणि बागुलांनी तो सापडू दिलेला नाही. कथेत शेवटी जात उघड होते आणि ज्याने जेवायला बोलावलं तीच माणसं नायकाला मारतात. काशिनाथ चाकू घेऊन धावून येतो, त्याला सोडवतो. नायक त्याला जे सांगतो त्याचा आशय असा, की त्या लोकांनी मला कुठे मारलं, मारलं ते मनूने. हा शेवट मी तरुणपणी क्षमा म्हणून वाचला होता आणि मला तो उदात्त वाटला होता. आज तो क्षमा वाटत नाही. ‘कोणी?’ या प्रश्नाला दिलेलं ते थेट उत्तर आहे. पाडणाऱ्याचं नाव घेतलं आहे, आणि ते तिवारीहून फार जुनं आहे. फक्त मनूला स्वतःचे हात नाहीत. तो तिवारीचे हात वापरतो, पेज आणून देणाऱ्या माणसाचे हात वापरतो. दुसऱ्या दिवशी एकट्याने जिना चढणाऱ्या मुलाचे पायही त्याला चालतात.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा तर कोणाकडे स्वीकार मागतही नाही. वारणेकाठचा पहिलवान गडी, पोटासाठी मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते आणि तो रात्री मढी उकरून सोनं शोधू लागतो, कोल्ह्यांशी झुंजतो. एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि दोन बोटं कायमची जातात. त्याच सुमारास बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडणारे हात आता उरलेले नाहीत. भीमाच्या रात्री अशा का झाल्या याचं कारण त्याच्या स्वभावात शोधणारा वाचक खाणीचं बंद झालेलं फाटक ओलांडून पुढे गेलेला असतो.

आपल्या भाषेला हे कळत नाही असं नाही. ‘वाळीत टाकणे’ हा शब्द आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, आणि त्यात टाकणारा स्पष्ट दिसतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१७ साली लागू झाला. जातपंचायतीने एखाद्या घराशी बोलणं बंद करायला लावलं, लग्नाला, मयताला जाऊ दिलं नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणसाला एकटं पाडणं हा गुन्हा आहे, असं एका राज्याने लिहून ठेवलं. मला या कायद्याचा अभिमान वाटतो. पण तो मुख्यतः समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्यापुरता आहे. मुळात आतच न घेतलेल्याला तो कुठे गाठणार? राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते सगळ्यांना खुले केले. त्या यादीत भाड्याची खोली नाही. अहमदाबादेतल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. अल्पसंख्य समाजाला आपला शेजार जपावासा वाटणं मी समजू शकतो. पण ज्यांची संख्याही मोठी आणि वाडेही त्यांचेच, तेही हाच युक्तिवाद करतात, आणि आजही मुंबई-पुण्यात मुसलमान जोडप्याला, एकट्या बाईला, विशिष्ट आडनावाच्या मुलाला ‘जागा कालच गेली’ हे वाक्य ऐकून जिना उतरावा लागतो. खोली भाड्याने देताना जात, धर्म पाहून नाकारणं हा दखलपात्र प्रश्न झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. एकटेपणाचं धोरण आखणाऱ्यांनी सुरुवात तिथून करावी.

यावर एक आक्षेप मी मनावर घेतो. अशा वाचनाने कथेचं आरोपपत्र होईल, तिचा जीव जाईल, असं म्हणणारे काही रसिक माझे मित्र आहेत. त्यांची भीती खोटी नाही. कथा निकाल देण्यासाठी लिहिलेली नसते. पण गोगोलने त्या तरुण कारकुनाला कथेत कशासाठी आणलं? कथानकाला त्याची गरज नाही. कोट शिवायला, चोरायला तो लागत नाही. हसणाऱ्यांच्या घोळक्यात उभा असलेला आणि आपणही हसत होतो हे एकाएकी उमगलेला असा एक माणूस गोगोलला हवा होता. वाचकाची जागा तिथे आहे. अकाकीसाठी डोळ्यांत पाणी आणून आपण स्वतःला अकाकीच्या बाजूला उभं करतो, आणि ते फार सोयीचं असतं. बहुतेक वेळा आपण त्या घोळक्यात असतो, हातात कागदाचे कपटे घेऊन.

त्या वाड्याच्या जागी आता मोठी इमारत आहे. मित्र नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेला, आमचं जाणं-येणं टिकून राहिलं. गेल्या वर्षी त्याच्या घरी गेलो होतो. दारावर त्याचं संपूर्ण नाव आहे, ठळक अक्षरांत, वडिलांच्या नावासकट. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं गच्चीत बसलो होतो, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा सांगितलं की नातेवाइकांकडे सोय वगैरे काही झाली नव्हती, मी तीच खोली घेतली होती.

तो म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं रे. वर्षभरात तू एकदाही खोलीवर ये म्हणाला नाहीस.”